पोळ्यानंतरचा सहावा नमुना

शनिवार, २३ ऑगस्ट. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सोनपेठ तालुक्यातल्या बोरखळी गावात वैजीनाथ यांचा बैल गुलब्या गोठ्यात खाली बसला आणि परत उठला नाही.

आदल्या दिवशी पोळा होता. गुलब्या सात वर्षांचा, लाल कंधारी जातीचा, वजन अंदाजे चारशे किलो. यंदा तोरणाखालून पहिला जाण्याचा मान वैजीनाथच्या जोडीला पहिल्यांदाच मिळाला होता. मानाची जोडी मिरवणुकीनंतर गावातल्या प्रत्येक घरासमोर नेतात. घरातली बाई बैलांच्या पायावर पाणी घालते, कुंकू लावते, घास भरवते. जोडीतला दुसरा बैल चिमण्या बुजरा आहे, परक्या हातचं खात नाही. त्यामुळं त्याच्या वाटचंही गुलब्यानं खाल्लं. हे सगळं नंतर विचारपूस केल्यावर कळलं. सकाळी एवढंच दिसत होतं की बैल उठत नाही, त्याची मान एका अंगाला वळलेली आहे, पोट टम्म आहे आणि डोळे उघडे आहेत.

वैजीनाथ आणि त्यांची बायको धुरपदाबाई दसऱ्यानंतर बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जातात. एका बैलावर गाडी चालत नाही. सहा पंचावन्नला वैजीनाथनं सोनपेठला गोपीचंदला फोन लावला. गोपीचंद जनावरांवर खासगी इलाज करतो, मोटारसायकलवर फिरतो. त्यानं फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, राजेश्रीला. त्याला तसं सांगून ठेवलेलं होतं.

राजेश्री परभणीत पशुवैद्यकाच्या पीएच.डी.ला आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून ती महाविद्यालयाची जीप, ड्रायव्हर बन्सीधर आणि बर्फाचा एक डबा घेऊन सोनपेठच्या एका लॉजवर मुक्कामाला होती. तिचा हा तिसरा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैल आजारी पडतात हे या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना नवीन नाही. वर्षभर कडबा आणि गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटात एका संध्याकाळी पुरणपोळी, घुगऱ्या आणि ठोंबरा, म्हणजे भरडून शिजवलेली ज्वारी जाते. पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, कोटीपोटात, ते धान्य आंबतं. तिथलं आम्ल रक्तात उतरतं आणि मग मेंदूवर त्याचा परिणाम दिसू लागतो.

तिचा विषय मेंदूतला होता. संदेश नेणाऱ्या पेशींच्या भोवती त्यांना सांभाळणाऱ्या पेशी असतात. प्रबंधात ती त्यांना आधारपेशी लिहिते. संदेश गेला की पोटॅशियम बाहेर सांडतं. आधारपेशी आपल्या अंगावरच्या बारीक वाहिन्यांमधून ते आत ओढून घेतात आणि जागा मोकळी करतात. पेशीच्या आत आम्लता वाढली की या वाहिन्या मिटतात. उंदरांवरच्या कामातून एवढं माहीत आहे. पण रक्त पुन्हा ठीक झाल्यावरही काही बैल दोन-तीन दिवस उठत नाहीत, त्यांना दिसत नाही, हे राजेश्री पाहत आली होती. अशा बैलांच्या वाहिन्या मिटलेल्याच राहतात, की त्यांची संख्याच घटते? तिला कुठल्याच शोधनिबंधात उत्तर सापडलं नव्हतं. उत्तरासाठी मेंदूचा तुकडा लागतो, आणि तो बैल मेल्यापासून वीस मिनिटांत बर्फात जावा लागतो. मेल्यावर मेंदू आपोआप आंबतो. उशीर झाला तर आजाराचं आम्ल कोणतं आणि मरणाचं कोणतं हे सांगता येत नाही.

दोन पोळे आणि मधल्या दोन वर्षांत तिच्याकडे पाच नमुने जमले होते. सहा लागत होते. शिष्यवृत्ती तीस सप्टेंबरला संपत होती आणि पुढचा पोळा वर्षावर होता.

जीप सात पन्नासला बोरखळीत पोचली. गोपीचंद आधीच गोठ्यात होता.

"मॅडम, डोळा बगा," तो म्हणाला. "हात नेला तरी पापनी लवत न्हाई."

राजेश्रीनं हात नेऊन पाहिला. मग वैजीनाथकडं वळली. "दादा, घरी काही पाजलंत का?"

"ताक. पोट फुगल्यालं दिसलं म्हून."

"अजून?"

"चिंचेचं पानी. जरासं."

"जरासं म्हणजे?"

"दोन तांबे."

"चार," धुरपदाबाई दारातून म्हणाल्या. "खरं सांगा की. डाक्टरीनीसमोर काय चोरायलाव?"

"आधीच आंबलंय, त्येच्यावर ताक आन चिंच," गोपीचंद म्हणाला. "वरून जिलबीबी द्यायची की."

"तुमी यायला यक तास लावला," वैजीनाथ म्हणाले. "तवर काय करावं मानसानं? बगत बसावं?"

कोटीपोटातल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, पट्टीवर साडेचार आला. तो सहा-सातच्या घरात असायला हवा; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. आठ वीसला घेतलेल्या रक्ताचा सामू हातातल्या छोट्या यंत्रावर ७.०८ आला. ७.३५ च्या पुढं असला तर बरं. राजेश्रीनं तोंडातून पोटात नळी घातली. बन्सीधर आणि वैजीनाथ हौदावरून बादल्या आणत राहिले. पाणी आत जायचं, बाहेर यायचं, आणि त्यात ज्वारीचे फुगलेले दाणे असायचे. हे पावणेदोन तास चाललं. मग पोटात आम्ल मारणारी पूड, शिरेतून सलाईन, बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि खायच्या सोड्याच्या द्रावाची एक बाटली, थेंबाथेंबानं.

बन्सीधर बादली टेकवून कठड्यावर बसला. त्याच्या नोकरीचे चार महिने उरले होते. "मॅडम, तीन पोळे झाले," तो म्हणाला. "घरी एकदाबी पुरणाची पोळी गरम खाल्ली न्हाई मी."

"मीही नाही, काका."

"तुमचं काय, तुमाला डॉक्टर म्हणतेत लोक. डब्बल डॉक्टर व्हनार. मी ड्रायव्हरचा ड्रायव्हरच."

दहा वाजून पंधरा मिनिटांनी, सलाईन चालू असताना, गोपीचंदला बैलापाशी ठेवून राजेश्री वही घेऊन निघाली. बाहेर किती दाणे आले हे दिसलं होतं. आत किती गेले आणि किती वाजता गेले हे कळलं तर अजून किती आंबायचं बाकी आहे याचा अंदाज बांधता येणार होता. धुरपदाबाई सोबत आल्या. गावात अडतीस घरं. त्यातली एकतीस उघडी होती.

पहिल्या घरानं सांगितलं, एकच पोळी दिली. दुसऱ्यानं तेच सांगितलं. पाचव्या घरी पोळी आणि पसाभर घुगऱ्या. सातव्या घरची सून म्हणाली की पोळी अर्धीच दिली, अर्धी पोरांनी मागितली. अकराव्या घरातून बाहेर पडताना धुरपदाबाई म्हणाल्या, "समद्यांनी येकयेकच दिली. माझा बैल उपासानं पडला म्हनायचा."

राजेश्रीनं आकडे लिहिले. प्रत्येक जण खरं सांगत असावा असं तिला वाटत होतं. एकतीस घरांचे एकतीस घास, एवढाच हिशोब होता. पण नळीतून आलेले दाणे घासांपेक्षा फार जास्त होते.

नर्मदाबाईंचं घर शेवटून तिसरं. त्यांचं वय अडुसष्ट. अंगणात एक मोठं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

"आमी काय दिलं? येक पोळी," नर्मदाबाई म्हणाल्या.

"मावशी, हे पातेलं?"

"भांडं मोठं असलं म्हंजे भरूनच करावं लागतं व्हय?"

"मामी," धुरपदाबाई म्हणाल्या, "बैल पडलाय माझा. डाक्टरीण काय पोलीस न्हाई. सांगा."

नर्मदाबाईंनी वहीकडं बोट केलं. "लिवून घ्यायलाय ती."

"नाव लिहीत नाही," राजेश्री म्हणाली. "घर नंबर एकोणतीस, एवढंच."

"गावात कुनाला कळत न्हाई व्हय, येकोनतीस कोनाचं ते?" त्या खाली बसल्या. "दोन बैलाचा ठोंबरा केला. दर साली करते. पोरानं जोडी जेठात इकली, ट्रॅक्टर आनला. म्हाईत हाय मला. पर चुलीपुढं बसले आन हातानं आपलं माप घेतलं. दोन पायल्या. शिजल्यावर ध्यानात आलं, की गोठ्यात कोन हाय? मग सणाचं टाकून देऊ का कुत्र्याला?"

"किती वाजता दिला?"

"दिवेलागनीला. तुमच्या गोठ्यात कोन नव्हतं, तुमी समदे पारावर. अर्धा खाल्ला त्यानं माझ्या हातानं. उरल्याला पाटीत ठिवून आले. लय आवडीनं खात व्हता गं."

पायली म्हणजे तिकडं अंदाजे पाच किलो. पाटी सकाळी रिकामी होती. ती पाटी आपली नाही हे धुरपदाबाईंना पहाटेच दिसलं होतं, पण मिरवणुकीत कुणाचं काय कुठं राहतं, म्हणून त्यांनी ती भिंतीला उभी करून ठेवली होती.

त्या नर्मदाबाईंवर ओरडल्या नाहीत. "मला हाक तरी मारायची," एवढंच म्हणाल्या.

"आधी किती जोड्या होत्या गावात?" राजेश्रीनं विचारलं.

"साठाच्या वर. धुरपदा लगीन होऊन आली तवा."

"आता?"

"अकरा," धुरपदाबाई म्हणाल्या. "मिरवणूक पारापासून निघती आन मारुतीपाशी संपती. आधी तोंड मारुतीपाशी गेलं तरी शेपूट पारालाच असायचं."

राजेश्रीनं वहीत लिहिलं: घरं ३८, जोड्या ११. नैवेद्य घरागणिक होतो, बैलागणिक होत नाही. या ओळीसाठी तिच्या छापील तक्त्यात रकाना नव्हता. तिनं ती समासात लिहिली.

अकरा चाळीसला दुसरं रक्त घेतलं. ७.३१. तीन तास वीस मिनिटांत एवढी सुधारणा चांगली होती. गुलब्यानं मान तशीच वळवून ठेवली होती. पापणी लवत नव्हती. अधूनमधून त्याच्या मागच्या पायाचं कातडं थरथरायचं आणि थांबायचं.

"दुसरी बाटली लावू," गोपीचंद म्हणाला. "जोरात सोडू. राहिलेलं आम्लबी मारून टाकू."

"नको."

"का म्हून?"

"रक्तातलं आम्ल सोड्यानं मरतं, पण मरताना त्यातून वायू निघतो. सोडा घाईनं दिला तर तो वायू रक्तातून मेंदूत शिरतो आणि तिथं उलट आम्लता वाढवतो. रक्त सुधारलेलं दिसेल आणि मेंदू आणखी बिघडेल. आता नुसतं सलाईन, सावकाश. आणि वाट पाहायची."

"वाट," वैजीनाथ म्हणाले. "आमी वाटच बगायलाव सकाळपासून. औषध हाय आन द्यायचं न्हाई, हे कुठलं इलाज म्हनावं?"

गोपीचंदनं बाटली हातात धरली, खाली ठेवली. "मी मॅडमच्या पुढं जात न्हाई. पन तुमचा बैल हाय. तुमी म्हनले तर लावतो."

तेवढ्यात धुरपदाबाई जीपकडून परत आल्या. बैलाच्या पोटाखालून घालायला एक पट्टा जीपमध्ये आहे असं बन्सीधर म्हणाला होता, तो आणायला त्या गेल्या होत्या. हातात पट्टा होता, पण त्यांनी तो खाली ठेवला नाही.

"बाई," त्या म्हणाल्या, "मागल्या शिटावर डबा हाय. त्येच्यावर लिव्हलंय, मेंदू, नमुना सहा. ते काय हाय?"

डब्यावर मराठीत चिठ्ठी होती, कारण मागच्या वर्षी बन्सीधरनं त्यात एकदा आपलं जेवण ठेवलं होतं.

"औषधं हायत," बन्सीधर घाईनं म्हणाला. "गार ठिवायची औषधं."

"औषधं नाहीत," राजेश्री म्हणाली. "रिकामा आहे. बर्फ आहे फक्त. बैल मेला आणि मालकानं सही दिली, तर मेंदूचा तुकडा त्यात ठेवून परभणीला न्यायचा असतो. माझा अभ्यास त्याचाच आहे."

चिमण्यानं शेपटीनं माश्या हाकलल्या.

"सहा म्हंजे?"

"आधी पाच झालेत. सहा लागतात."

"मंजे गुलब्या सहावा."

"मेला तर."

"मेला तर तुमचं काम व्हतं."

"होतं."

"आन वाचला तर?"

"माझं राहतं."

"आन दुसरी बाटली देऊ नका म्हनून तुमीच सांगायलात," धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वैजीनाथ मात्र उठून उभे राहिले होते.

राजेश्री सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली, शेणामातीच्या जमिनीवर, बैलाच्या डोक्याजवळ. तिनं सांगायला सुरुवात केली तेव्हा तिच्या बोलण्यात पटवून देण्याचा उत्साह नव्हता. हे तिनं शिबिरांमध्ये, समितीपुढं, घरी वडिलांपुढं पुष्कळदा सांगितलं होतं.

"मावशी, लग्नात पंगत उठते. वाढपी पुढं जातात, पण आधी कुणीतरी पत्रावळ्या उचलतं, जागा झाडतं, मगच दुसरी पंगत बसते. बरोबर?"

"बराबर."

"मेंदूत तसंच आहे. बघणं, उठणं, ऐकणं हे करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि त्यांच्यामागं उष्टं उचलणाऱ्या वेगळ्या. आम्ल वाढलं की उचलणाऱ्यांचे हात बांधले जातात. उष्टं पडून राहतं. मग पंगतच बसत नाही. बैल आंधळा नाही. त्याचा डोळा चांगला आहे. आत जागा झाडलेली नाही."

"मंजे वाढपे धड हायत," धुरपदाबाई म्हणाल्या, "उचलनारेच रुसलेत."

"हो."

"ते कधी मनतेत?"

"तेच मला माहीत नाही. ते कळावं म्हणूनच तो डबा."

वैजीनाथ म्हणाले, "माझ्या बैलाच्या जिवावं तुमी शिकनार."

"आधीच्या पाच बैलांच्या जिवावर शिकले म्हणून दुसरी बाटली नको म्हणतेय, दादा. त्यातल्या दोघांना जोरात सोडा दिला होता. एकाला मीच दिला होता."

गोपीचंदनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. हे त्यालाही माहीत नव्हतं.

वैजीनाथ आणि धुरपदाबाई गोठ्याबाहेर गेले. पाचेक मिनिटांनी परत आल्या त्या धुरपदाबाई एकट्याच.

"तुमचं ऐकतो," त्या म्हणाल्या. "बाटली लावत न्हाई. पर डबा गावाच्या शिवंबाहेर गेला पायजे. आत्ता. जीपसकट सोनपेठला धाडा. डबा इथं आसंस्तवर तुमी काय बी सांगितलं तरी माझं मन खात ऱ्हाईल. तुमी चांगल्या असाल. पर मला कसं कळावं?"

सोनपेठ नऊ किलोमीटर होतं, त्यातला अर्धा रस्ता खडीचा. जीपला पंचवीस मिनिटं लागायची. म्हणजे डबा गेला तर नमुना गेला.

राजेश्री हौदाच्या बाजूला गेली आणि तिनं मार्गदर्शक दिनकररावांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सहीशिवाय नमुना घेता येत नाही, हे तुला माहीत आहे," ते म्हणाले.

"मेल्यावर बरेच जण देतात, सर."

"मग ठेव डबा."

"ठेवला तर ते दुसरी बाटली लावतील."

"लावली तर बैल मरेलच असं नाही."

"नाही."

"न लावता वाचेलच असंही नाही."

"नाही."

"मुदतवाढीचा अर्ज करता येतो," दिनकरराव म्हणाले. "मंजूर होतो का ते मी सांगू शकत नाही. मागच्या वर्षी दोघांचे झाले नाहीत."

बारा पस्तीसला तिनं बन्सीधरला जायला सांगितलं.

"मी जातो," तो म्हणाला. "पर जीप गेली की तुमी इथं अडकल्या. संध्याकाळी सव्वापाचला येष्टी हाय, ती आली तर."

"तुम्ही पाचला परत या, काका. डबा लॉजवर ठेवून."

"आन बैल मधीच गेला तर?"

"तर गेला."

जीप गेल्यावर वैजीनाथ आत येऊन बैलाच्या पाठीमागं बसले आणि त्यांनी त्याला टेका दिला. त्याला एकाच अंगावर पडू द्यायचं नाही असं राजेश्रीनं सांगितलं होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. चार माणसं लागायची. नर्मदाबाईंचा ट्रॅक्टरवाला मुलगा न बोलावता आला, प्रत्येक वेळी मागचे पाय त्यानंच धरले.

दोन वाजून दहा मिनिटांनी पेडगावहून एका डॉक्टरचा फोन आला. तिथं एक बैल पाचच मिनिटांपूर्वी गेला होता, मालक सही द्यायला तयार होता. "येता का?" त्यानं विचारलं. पेडगाव साठ किलोमीटरच्या पुढं होतं. "वीस मिनिटांत नाही," ती म्हणाली आणि त्याचे आभार मानले.

धुरपदाबाईंनी ताट आणून ठेवलं. कालच्या पोळ्या होत्या, तव्यावर गरम केलेल्या. "खा. बैलाला चालत न्हाई, मानसाला चालती." राजेश्रीनं दीड खाल्ली. उरलेली तिनं झाकून ठेवली. धुरपदाबाईंनी ती उघडून परत तिच्यापुढं सरकवली.

साडेतीनला गुलब्यानं मान सरळ केली. दोन मिनिटं तशी धरली, मग परत वळवली. पावणेपाचला त्याच्या कानापाशी चिमण्याच्या गळ्यातली घंटा वाजली तेव्हा त्याचा डावा कान फिरला. राजेश्रीनं दोन्ही वेळा लिहून ठेवल्या.

"मंजे वाचला आता?" वैजीनाथनं विचारलं.

"आता जिवंत आहे."

"तुमी डाक्टर लोक येक शबुद जास्तीचा देत न्हाई."

पाच वाजता बन्सीधर आला. जीप रिकामी होती, हे धुरपदाबाईंनी स्वतः जाऊन पाहिलं. सलाईनच्या बाटल्या कधी बदलायच्या ते गोपीचंदला लिहून देऊन राजेश्री गेली.

रविवारी सकाळी नऊला ती परत आली. रक्त ७.३६. कोटीपोटाचा सामू पट्टीवर सहाच्या पुढं गेला होता. बैल अर्धी बादली पाणी प्यायला होता, वैजीनाथनं तोंड पाण्यात बुडवल्यावर. रवंथ नव्हता. उठत नव्हता. दिसत नव्हतं. म्हणजे रक्तात आता काहीही दोष उरला नव्हता आणि बैल शनिवारी सकाळी होता तिथंच होता. तिच्या प्रबंधाचा प्रश्न नेमका हाच होता. तो तिच्यापुढं गोठ्यात बसला होता आणि त्याच्या आत काय आहे हे बघायचा एकच मार्ग होता.

तिनं बी-१ चं इंजेक्शन दिलं आणि वैजीनाथनं कोवळं गवत त्याच्या ओठांशी धरलं. त्यानं ते वास घेऊन सोडलं.

"दिस किती लागतेत?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"मी पाहिलेल्यांत एक बैल चौथ्या दिवशी उठला. एक सहाव्या दिवशी गेला. बाकीचे त्याआधीच गेले."

"त्येंचे उचलनारे मनले न्हाईत."

"नाही मनले."

सोमवारी राजेश्री परभणीला होती. सकाळी तिनं मुदतवाढीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात तिनं 'नमुना उपलब्ध झाला नाही' असं लिहिलं. लिपिकानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि पुढच्या बैठकीत ठेवतो म्हणाला. बैठक कधी आहे हे त्याला माहीत नव्हतं.

दुपारी एकला धुरपदाबाईंचा फोन आला. बैल तसाच आहे, हे त्यांनी आधी सांगितलं.

"बाई, तुमचा त्यो कागद असतो ना, सहीचा."

"असतो."

"गोपीचंदापाशी धाडा. करून ठिवते. मालक न्हाई म्हनायलेत, पर गोठ्यात मीच असते. मी करते."

"मावशी, तो जिवंत आहे. आत्ता सही घेता येत नाही."

"मग मेल्यावं मला लिव्हनं सुचंल का?" त्या म्हणाल्या. "आन आयका. डबा आनू नका. डबा शिवंबाहेरच ऱ्हाऊ द्या. काय व्हईल ते व्हईल, पर डबा बगून व्हऊ ने."

म्हणजे सही मिळणार होती आणि वीस मिनिटं मिळणार नव्हती. राजेश्रीनं हे त्यांना सांगितलं.

"मग तसंच," धुरपदाबाई म्हणाल्या. "म्या माझ्याकडून न्हाई म्हनले न्हाई, येवढं लिवून ठिवा."

तिनं ते वहीत लिहिलं, तारीख आणि वेळ घालून.

मंगळवार, २६ ऑगस्ट. सकाळी साडेदहाला गोपीचंदनं फोनवर कळवलेली माहिती अशी: आठ वाजून दहा मिनिटांनी पोटाखालून पट्टा घालून, सहा माणसांच्या आधारानं गुलब्या चारही पायांवर उभा राहिला. नंतर पट्टा ढिला केला तरी उभा होता. अकरा मिनिटांनी तो आपणहून खाली बसला. त्यानंतर अजून उठलेला नाही.